थंड आहे म्हणणारा हात

नाही हो, किल्ली हरवलेली नाही, किल्ली ही काय माझ्या खिशात — पण एवढ्यात देत नाही. बसा ना. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लंगडा आहे, या टायरवर बसा, पुसलेला आहे. तुम्ही संध्याकाळी येणार होतात ना, साहेब? ऊन उतरल्यावर येतो असं सकाळी तुम्हीच म्हणालात आणि भर दुपारी दारात उभे. गाडी धुवायची राहिलीय. — हो, मला पण डोळे आहेत, दिसतंय मला, चकाचक आहे. वरून आहे. खालून राहिलीय. खालून कोण धुतं म्हणजे काय? आम्ही धुतो. आमची पद्धत आहे. बरं, नाही आमची पद्धत. पण हळू बोला जरा, बाबा आत झोपलेत. ऐकू येतंय का? तो पडदा आहे ना, त्याच्यामागे खाट आहे, जेवले की आडवे होतात, आणि मग असं घोरतात की पत्र्याला हादरे बसतात. जोवर ते घोरतायत तोवर शेड माझी. ते उठले की मी पुन्हा पाना उचलून देणारा. म्हणून म्हणतो, हळू.

उद्या शर्यत आहे, माहितीये मला. चढाची. खालून एकेक गाडी सोडणार, घड्याळ लावणार, आणि तुम्हाला आज उजेडात तिथे पोचायचंय, रस्ता बघून ठेवायचाय, वळणं बघून ठेवायचीयत. सगळं कबूल. पण मला सांगा, तुम्ही गाडी घेऊन आलात तेव्हा तक्रार काय होती तुमची? सुरुवातीच्या वळणांना हा पिकअप ट्रक वाघासारखा उठतो आणि अर्ध्या चढाला दम टाकतो, बरोबर? दम का टाकतो? ताप चढतो म्हणून. इंजिनाच्या डोक्यावर तो सुपरचार्जर बसवलाय ना, तो म्हणजे भाता समजा, हवा दाबून दाबून आत कोंबतो. आणि हवा दाबली की तापते. सायकलला हवा मारलीय ना कधी? पंपाची नळी चटका देते की नाही? तेच. तापलेली हवा आत गेली की ताकद तर जातेच, वर इंजिन आतून खडखडायला लागतं, आणि तसंच दामटलं तर पिस्टनला भोक. म्हणून मध्ये हा इंटरकूलर, हा वरचा चपटा डबा. त्याच्यातून पाणी फिरतं, हवेची धग उचलतं, पाइपातून पुढे नाकाशी जातं, तिथल्या रेडिएटरमध्ये वारा खातं, थंड होऊन परत येतं. एवढंच आहे सगळं. कॉलेजात हेच सांगायला सहा महिने घेतात आणि तरी सांगत नाहीत.

तर तुमचा मूळचा रेडिएटर म्हणजे पोरांची पाटी. आणि पंप? माशांच्या टाकीत बुडबुडे काढायला ठेवतात तसला. ते सगळं उपटून टाकलं मी. नाकात मोठा रेडिएटर घातला, पुढची जाळी कापून वारा मोकळा केला, पंप दणकट बसवला, मागच्या हौद्यात पाण्याची वेगळी टाकी ठेवली — पाणी जास्त म्हणजे तापायला वेळ जास्त, साधा हिशेब आहे — शर्यतीच्या आधी त्या टाकीत बर्फ टाका हवा तर. काम चोख आहे. मी केलंय, चोख असणारच. — बाबांनी? बाबांनी काय केलं? बाबांनी हात ठेवला.

हो, हात ठेवला. तुम्ही त्याच्यासाठीच एवढ्या लांबून आलात ना? नाडीमास्तर. सगळ्या शर्यतवाल्यांच्या तोंडी एकच, नाडीमास्तरांकडे ने, ते मीटर लावत नाहीत, कॉम्प्युटर लावत नाहीत, नुसता हात ठेवतात. एक हात जाणाऱ्या पाइपावर, एक येणाऱ्या पाइपावर, डोळे मिटून. आणि शेडमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल असं सगळे गप्प — आमचे काका तिकडे गल्ल्यावर बसतात, ते तर रेडिओ बंद करतात, श्वास पण बंद करत असतील. मग बाबा डोळे उघडणार आणि सांगणार, वा, थंड आहे — म्हणजे पाणी धग उचलतंय, इंजिनात जाणारी हवा थंड. किंवा म्हणणार, अजून ढेकर आहे. ढेकर म्हणजे काय — पाणी भरताना वाटेत हवा अडकते. मग पंप नुसता फिरतो आणि पाणी जागच्या जागी. तर ट्रकचं नाक रॅम्पवर उंच करायचं, पाइप बोटांनी दाबत दाबत तो बुडबुडा पुढे पुढे सरकवायचा, आणि पुढच्या झाकणातून तो बाहेर पडतो, बुडुक करून. दूध प्यायलेल्या पोराला खांद्यावर घेऊन थोपटतात ना, तसं. म्हणून ढेकर. बाबांच्या बोटांना तो बुडबुडा पाइपाच्या आत सरकताना कळायचा. मी लहानपणी बघितलंय. रबराचा एवढा जाड पाइप, आणि ते म्हणायचे, हा बघ, इथे आहे, आता इथे आला, पळतोय लेकाचा. खोटं नाही सांगत. कळायचा.

कळायचा म्हणजे कळायचा. तुम्ही शब्दात काय पकडताय? वकील आहात का?

नाही, गाडीत गडबड आहे असं मी कुठे म्हटलं? मी म्हटलं संध्याकाळी या. जरा फिरून या, जेवून या, कोपऱ्यावर खानावळ आहे, बरी आहे. मला थोडा वेळ द्या, बाबा उठले की काकांबरोबर बाहेर जातात, मग मी — मग मी खालून धुतो. काय? घाई आहे. सगळ्यांनाच घाई आहे. नाडीमास्तरांनी सकाळी ओके केलंय म्हणे. हो, केलंय. तुमच्या समोर केलंय. तुम्ही त्यांचा हात हातात घेतलात आणि सोडेचनात. मी होतो ना तिथे, दिव्याची वायर धरून उभा. मला कोण बघणार?

बरं. एक काम करू. उठा. मी गाडी चालू करतो, तुम्ही स्वतः बघा. मी काही सांगत नाही, म्हणजे उद्या मला कोणी म्हणायला नको की पोरानं बापाच्या धंद्यात माती कालवली. या इकडे, बॉनेटजवळ. बाही वर घ्या. — हां, झाली चालू! ऐका, आवाज कसला गोड आहे! नाही, आता मोठ्यानेच बोलावं लागणार, जवळ या! तापू दे जरा, मी रेस देतो अधूनमधून! भात्याची शिट्टी ऐकू येतेय? तेवढ्यावरच माणसं खुळी होतात!

आता हात ठेवा. हा नाकाजवळचा पाइप, डब्यातून आलेला. ठेवा, घाबरू नका. कसा लागतोय? थंड! आणि तुम्हाला बरं वाटलं, बघा, तोंडावर दिसलं! थंड म्हणजे छान, थंड म्हणजे काम झालं! अहो साहेब, तो थंड नको! तो गरम पाहिजे! वरच्या डब्यातली धग घेऊन पाणी तिथे येतंय ना, मग हाताला गरम नको लागायला? हा दुसरा पण बघा, दोन्ही सारखेच गार, म्हणजे धग पोचतच नाहीये, पाणी हलतच नाहीये! आत ढेकर आहे! आता तो वरचा डबा — अहो लावू नका! लावू नका हात! लांबूनच बघा, तळवा वर धरा नुसता! लागली धग? हेच! वर भट्टी आणि खाली बर्फ! आणि उद्या ही गाडी घेऊन तुम्ही चढावर, पाय दाबून, एका बाजूला दरी!

कसं म्हणजे? बाबांनी हात ठेवला होता ना, मग कसं? मग ऐका आता! ऐकायचंच आहे ना! बाबांच्या हाताला काही कळत नाही! काही नाही! मेलाय तो हात! साखरेनं नसा गेल्या, डॉक्टरांनी सांगितलं, आधी पाय गेले, मग बोटं! पायातली चप्पल मागे राहते आणि हे चार घरं पुढे, कोणीतरी हाक मारून सांगतं, मास्तर, चप्पल! तेव्हा हे हसतात! चुलीवरून उतरवलेला स्टीलचा पेला असा मुठीत धरतात आणि गप्पा मारत बसतात, आणि आई बघत असते! आई रोज आंघोळीचं पाणी आधी स्वतः हात घालून बघते, बघते आणि बाजूला होते, जसं काही ती साबण ठेवायलाच गेली होती! डॉक्टर म्हणाले, मास्तर, हात सांभाळा, तर हे म्हणे तो डॉक्टर पोरगा आहे, कालचा! अहो, तुमच्या पिढीला सगळेच पोरगे! डोळे मिटून सांगायचं आणि पोरांनी मान डोलवायची! काकांना माहीत आहे, आईला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि घरात बोलायचं काय? भाजीत मीठ कमी आहे!

मागच्या उन्हाळ्यात एक पांढरी पिकअप गेली इथून! अशीच! वा, थंड आहे! गेली आणि वळणावर इंजिन जाम झालं, मागची चाकं धरली गेली, भिंतीवर बसली गाडी! माणूस वाचला, खांदा मोडला, अजून वर उचलत नाही हात! बाबा म्हणाले, पेट्रोलमध्ये भेसळ! काका म्हणाले, पेट्रोलमध्ये भेसळ! आणि ती गाडी ज्या ट्रकनं ओढून आणली त्याच्या सायलेन्सरची पट्टी ढिली होती, बाबा ती आवळायला गेले, तापून लाल व्हायची बाकी होती ती, आणि यांनी ती अशी धरली! धरूनच राहिले! बोलतायत, हसतायत, आणि बोटांची सालं निघतायत! तेव्हा कळलं मला! सुट्टीला आलो होतो मी, कॉलेजातून! परत गेलोच नाही! नापास झालो म्हणून सांगितलंय घरी! कोणीतरी उभं राहायला नको का शेजारी?

— ते जाऊ द्या. ते तुमच्या कामाचं नाही. ते मी कशाला बोललो.

हे बघा, हे फडकं. काळंकुट्ट आहे ना? कोणी हात लावत नाही म्हणूनच यात ठेवलंय. हे यंत्र. बटण दाबलं की लाल ठिपका पडतो, जिथे पडला तिथली धग आकड्यात दिसते, खेळण्यासारखं आहे. बाबांना दिसलं तर ते माझ्या डोक्यात घालतील. तर पद्धत अशी — बाबा हात ठेवतात, डोळे मिटतात, मी पलीकडून दिवा धरतो आणि फडक्यातून ठिपका टाकतो. मग ते डोळे मिटूनच विचारतात, काय रे अर्धवट, काय वाटतं? लोकांना वाटतं, बाप पोराची परीक्षा घेतोय. सगळे गालात हसतात. मी म्हणतो, बाबा, ढेकर असेल अजून. की ते लगेच, अरे वा, शिकला की, आहेच ढेकर, उचल नाक. किंवा मी म्हणतो, थंड वाटतंय. मग ते म्हणतात, थंड आहे. सगळं वर्ष असं. तुम्ही ज्या हाताची कीर्ती ऐकून आलात ना, साहेब, तो हात नाही, ते हे फडकं आहे. त्यांनी मला कधी विचारलं नाही, तुला कसं कळतं रे? एकदाही नाही. मी कधी सांगितलं नाही. आणि ज्या दिवशी मी नसतो शेडमध्ये, त्या दिवशी ते म्हणतात आज अंग मोडून आलंय, आज नाडी नको.

आणि आज सकाळी काय झालं? तुम्ही होतात की! तुम्ही विचारलंत, हा तुमचा मुलगा का? काय म्हणाले ते? हा आमचा अर्धवट, म्हणाले, कॉलेज अर्धं, अक्कल अर्धी, नशीब आमचं पूर्ण फुटकं! आणि तुम्ही हसलात. हसलात, मी बघितलं, काका पण हसले, पण काका पगारी हसतात. तुम्ही का हसलात? — नाही, माफी नको. ऐका. मग त्यांनी हात ठेवले, डोळे मिटले, आणि विचारलं, काय रे, काय वाटतं? ठिपका माझ्या समोर होता, डब्यावर आकडा असा चढत होता, आणि पाइप गार. मला दिसत होतं सगळं. आणि मी म्हटलं, मला काय कळतंय बाबा, मी अर्धवट. तुमचा हात, तुम्ही सांगा.

थांबले ते. आठवतंय? बराच वेळ थांबले. तुम्हाला वाटलं केवढी एकाग्रता, हाताचं ऐकतायत. ते हाताचं ऐकत नव्हते. ते कान माझ्याकडे लावून उभे होते. पापणीच्या आत बुबुळं हलत होती, मला दिसत होती, एखादं पोर गर्दीत आईचं बोट सुटल्यावर बघतं ना, तशी. आणि मी गप्प. मी म्हटलं, बोलू दे म्हाताऱ्याला स्वतःच्या तोंडानं, एकदा तरी बोलू दे, मला कळत नाही म्हणून. तेवढंच हवं होतं मला. काय जात होतं त्यांचं? पण ते म्हणाले, वा. थंड आहे. आणि तुम्ही धावलात हात मिळवायला.

म्हणून देत नाही किल्ली. संध्याकाळी ते बाहेर गेले असते, मी नाक उचललं असतं, ढेकर काढला असता, तुम्ही गाडी घेऊन गेला असतात, उद्या चढावर ट्रक सरळ वर गेला असता आणि परवा तुम्ही चारचौघांत सांगितलं असतं की हात असावा तर नाडीमास्तरांचा. सगळं नीट झालं असतं. लवकर कशाला आलात हो तुम्ही?

थांबा, बंद करतो. वास यायला लागला तापल्याचा. — हां. किती शांत वाटतं ना, इंजिन बंद केलं की. कानात अजून शिट्टी वाजतेय. आता तुम्ही एवढं करा, कोणाला काही बोलू नका, तुम्ही आलाच नाहीत असं समजा, मी एवढ्यात —

साहेब.

घोरणं कधी थांबलं?

तुम्ही ऐकलंत का? म्हणजे इंजिन चालू होतं तेव्हा... मी केवढ्यानं बोलत होतो? फार मोठ्यानं? अहो, सांगा ना, तुम्ही असे माझ्या मागे काय बघताय?

— बाबा. उठलात होय. पाणी देऊ? हे साहेब लवकर आलेत जरा, मी त्यांना गाडी दाखवत होतो. चालू करून. नुसता आवाज ऐकवत होतो. चप्पल घाला बाबा, एकच घातलीय. खाली पत्र्याचे तुकडे आहेत, बाबा, तुमच्या पायाला... राहू दे. काही नाही, सगळं ठीक आहे, आमचं बोलणं दुसरंच चाललं होतं, एका दुसऱ्या माणसाबद्दल. तुमच्याबद्दल नाही हो. बसा तुम्ही. काय बघायचंय? आता नको बघायला, सकाळी बघितलंत ना, झालंय की. बाबा, बॉनेट मी लावून घेतो. पाइप खाली आहेत, पाइप इकडे आहेत, बाबा, वर नको, वर डबा आहे तो, तो आत्ताच —

बाबा!

बाबा, हात काढा. हात काढा म्हणतो ना. साहेब, धरा ना त्यांना, तुम्ही बघत काय उभे राहिलात! — नाही, नका धरू. नका. त्यांना आवडत नाही. बाबा, ऐका, कातडी निघेल, निघतेय, बाबा, डोळे उघडा. काय? काय म्हणालात?

काय वाटतं?

मला विचारताय?

...थंड आहे, बाबा. हो. एकदम थंड आहे. ढेकर नाही काही नाही. बरोबर आहे तुमचं, थंडच आहे, मी उगाच... आता काढा हात. असा. इकडे द्या. मूठ नका मिटू, उघडी ठेवा, उघडी. मी आहे.

तुम्ही जा, साहेब. गाडी राहू दे. किल्ली मागू नका. जाताना ते मोठं दार ओढून घ्या.